मागच्या सीटवरचा ड्रायव्हर

माझ्या वडिलांनी आयुष्यभर एसटी चालवली आणि त्यांना गाडी लागते. हे सांगितलं की कळंबातली निम्मी माणसं हसतात आणि उरलेल्यांना ती थाप वाटते. पण खरं आहे. स्टेअरिंगवर असताना अण्णांना कधी साधी मळमळ झाली नाही. तेच मागच्या बाकावर बसवा, येरमाळा यायच्या आत यांचं डोकं खिडकीबाहेर. बंद मोटारीत तर त्याहून वाईट हाल. त्यामुळे निवृत्त झाल्यापासून अण्णा लांब कुठे गेलेच नाहीत. सगळ्या जिल्ह्याला गावोगाव पोचवणारा माणूस घरातल्या घरात अडकून बसला.

आई गेल्यापासून ते माझ्याकडेच असतात. लग्न मी केलं नाही, त्याची कारणं वेगळी आहेत आणि ती विचारणाऱ्याला मी चहासुद्धा देत नाही. नोकरी जनावरांच्या दवाखान्यात. रोज मोटरसायकलवरून चार गावं फिरायची, गाई-म्हशी, शेळ्या बघायच्या. लोक मला डॉक्टरीणबाई म्हणतात. माझी एक खोड आहे: एखादी गोष्ट का होते हे कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. जनावर खात नाही म्हणून कुणी बोलावलं तर मी आधी गव्हाण बघते आणि मग जनावर. निम्म्या वेळा दुखणं गव्हाणीतच सापडतं.

तर झालं असं की दिवाळीनंतर आत्याचा फोन आला. ही अण्णांची थोरली बहीण. तिचं सासर उमरग्याच्या पलीकडे, कर्नाटकाच्या शिवेला लागून. तिथं घरात कानडी आणि मराठी एकाच ताटात वाढतात. तिचं म्हणणं सरळ होतं.

"तम्मा, ह्या येळवसला ये. माझे गुडघे गेले. पुढल्या साली रानात जाईन का न्हाय, सांगता येत न्हाय. माझ्या रानात बसून एकदा जेव."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. आणि येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. ज्वारी कमरेला लागलेली असते तेव्हा सगळं घरदार रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून तिच्यात पूजा मांडतात आणि येईल त्याला शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील वाढतात. त्या दिवशी आमच्या गावांत चिटपाखरू सापडत नाही.

अण्णा नोकरीत होते तेव्हा येळवसला ते मुद्दाम उमरग्याची ड्यूटी मागून घेत. आत्या तिच्या फाट्यावर डबा घेऊन उभी राही. अण्णा एसटी थांबवत, डबा खिडकीतून आत येई, आंबिलीची चरवी येई. कंडक्टर घंटी मारायला जरा उशीर करी. एवढीच त्यांची येळवस. बहिणीच्या रानात ते त्या दिवशी कधी गेलेच नव्हते. फाट्यावरून डावीकडे वळायला एसटीला परवानगी नव्हती आणि ड्रायव्हरला सुट्टी.

फोन ठेवल्यावर अण्णा नुसते म्हणाले, "जायला पायजे हुतं."

जायला पायजे हुतं, म्हणजे जाणं झालं नाही असं त्यांनी आधीच धरून टाकलेलं. मला त्याचा राग आला. बसमध्ये उलटी, मोटारीत उलटी, पण मोटरसायकलवर उघड्या हवेत त्यांना काही होत नाही. माझ्या मागे बसून ते बाजारात येतातच. मग अडचण कसली? अडचण पाठीची. अण्णांच्या मणक्यात गॅप आहे आणि हादरा बसला की कळ थेट पायात जाते. अर्ध्या तासावर त्यांना बसवत नाही, आणि आत्याचं गाव म्हणजे अर्धा दिवस.

"हादरा कमी केला की झालं," मी म्हटलं. अण्णा माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी रस्ता उचलून दुसरीकडे ठेवणार होते.

त्या दिवसापासून मी मोटरसायकलीच्या मागे हात धुऊन लागले. इतकी वर्षं चालवली, पण तिच्या खाली काय चालतं ते कधी बघितलं नव्हतं. मागच्या चाकाच्या दोन बाजूंना ती जी स्प्रिंगवाली नळकांडी असतात, ज्यांना आमच्याकडे सगळे शॉकप म्हणतात, त्यांच्या आत तेल असतं हेही मला ठाऊक नव्हतं. स्प्रिंग दबते, तेल बारीक भोकातून इकडून तिकडे जातं, आणि म्हणून गाडी चेंडूसारखी उड्या मारत नाही. हे वाचलं तेव्हा मला, म्हशीच्या रवंथाची फोड पहिल्यांदा कळल्यावर झाला होता, तेवढा आनंद झाला.

एसटी स्टँडजवळच्या मिस्त्रीकडे मी जुने शॉकप उघडून दाखवायचा हट्ट धरला. तो म्हणाला, "डॉक्टरीणबाई, ह्ये काय बैल हाय का पोट फाडून बघायला?" पण उघडले. आतलं तेल कधीच गळून गेलेलं. म्हणजे इतके दिवस मी नुसत्या स्प्रिंगवर उड्या मारत होते आणि दोष खड्ड्यांना देत होते.

मग नवे मागवले, गॅसचे. त्यांच्या खालच्या अंगाला खाचांची कडी असते. ती पान्याने फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी आवळून बसते आणि मागे वजन असलं तरी गाडी ढुंगणावर बसत नाही. किती फिरवायची हे वजनावर. आणि इथे घोडं अडलं. अण्णा वजन करून देईनात.

"म्या काय सोयाबीन हाय व्हय?"

जनावराचं वजन मी छातीच्या घेरावरून टेपने काढते. तो टेप त्यांच्याभोवती घालून बघावा असं एकदा मनात आलं, पण बाप आहे म्हणून सोडून दिलं. अडत दुकानात जाऊन ज्वारीचं एक पोतं आणलं, अंदाजाने अण्णांएवढं केलं आणि मागच्या सीटवर आवळून बांधलं. चाकाच्या नटापासून सीटखालच्या खुणेपर्यंत टेप लावला. पोतं नसताना किती, पोतं असताना किती. कडी फिरवायची, पुन्हा मोजायचं. शेजारीण येऊन विचारून गेली, "गाडीला दिवस गेलेत का वं?"

पोत्याला घेऊन मी येडशीपर्यंत जाऊन आले. कधी कडी एक खाच वर, कधी एक खाच खाली. येरमाळ्याच्या चहावाल्याला वाटलं मी धान्य विकायला काढलंय. शेवटी अशी जागा सापडली की स्पीडब्रेकरवर गाडी दबे, सावकाश वर येई आणि गप्प होई. पोतं जागचं हललंसुद्धा नाही. त्या दिवशी मी घरी येईपर्यंत गाणं म्हणत आले.

हौसेला मोल नसतं म्हणतात, तसं मग माझं सुरूच झालं. मागच्या सीटला पाठ टेकायला गादीचा टेकू बसवला. दोन्ही बाजूंना धरायला दांडे. सीटवर हवा भरायची गादी; तिच्यात हवा जास्त झाली तर माणूस डुलतो आणि कमी झाली तर उपयोग नाही, हे मी स्वतः बसून शोधलं. थंडीचे दिवस म्हणून कोपरांवर, खांद्यांवर कडक गाद्या असलेलं जॅकेट आणलं. ते घालून अण्णा आरशासमोर उभे राहिले आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. मग म्हणाले, "खाकीपेक्षा बरं हाय." हेल्मेटचं मात्र भांडण झालं. त्यांना आत पांढरी टोपी हवी. टोपीवरून बसेल असं हेल्मेट डोक्यावर घागरीसारखं फिरतं, हे मी त्यांना फिरवून दाखवलं. टोपी टाकीवरच्या पिशवीत ठेवायची, उतरलं की आधी टोपी, असा तह झाला.

सगळं सजवून एका सकाळी त्यांना मागे बसवलं आणि येरमाळ्याकडे निघाले. मी पुन्हा पुन्हा विचारत होते, "कसं वाटायलंय?" ते म्हणत, "ब्येस." पण येरमाळ्याला उतरले तेव्हा त्यांना सरळ उभं राहता येईना. चेहरा पांढरा. कमरेला हात लावून ते खांबाला टेकले.

मला काही कळेना. त्याच रस्त्यावर, त्याच गाडीवर पोतं सुखात गेलं होतं. मी कडी सैल करून बघितली, तर खड्ड्यात चाक वर येऊन घासलं. आवळून बघितली, तर हादरा वाढला. गादीतली हवा बदलली, टेकू मागे घेतला, टायरची हवा कमी केली. प्रत्येक वेळी येरमाळा येईपर्यंत अण्णांची कंबर धरलीच. मिस्त्री म्हणाला, "शॉकप शंभर टक्का बराबर हाय. आता अण्णांनाच उघडून बघा."

आणि मग माझ्या लक्षात आलं की गव्हाण बघायची राहिली. मी गाडी स्टँडवर लावली, खाली बसले आणि अण्णांची जागा अंगठ्याने चाचपत निघाले. टेकू, गादी, दांडे, मग पाय ठेवायचे फुटरेस्ट. डाव्या फुटरेस्टचं रबर कोरं होतं, नक्षी जशीच्या तशी. उजव्याचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं आणि ज्या पट्टीवर ते बसवलंय ती पट्टी खाली वाकलेली.

अण्णा मागे बसून ब्रेक दाबत होते. समोर म्हैस आली की दाबायचे, वळण आलं की दाबायचे. स्पीडब्रेकर मला दिसायच्या आधी त्यांचा उजवा पाय खाली जायचा. पाय ताठ, कंबर ताठ, पाठीचा कणा सळईसारखा. अशा माणसाच्या बुडाखाली जगातले कोणतेही शॉकप लावले तरी उरलासुरला हादरा नीट मणक्यातच जाणार.

मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी गाडीवर मी मोठ्याने मोजायला लागले. "एक दाबला. अण्णा, दोन दाबला." ते म्हणाले, "म्या कुठं दाबायलोय?" पाचव्या-सहाव्याला ते मान खाली घालून स्वतःचा उजवा पाय बघताना आरशात दिसले. घरी आल्यावर जॅकेट काढून त्याची नीट घडी घातली आणि म्हणाले, "आक्काला फोन करून सांग, न्हाय जमत म्हणून. पोत्याला पाय नसत्यात, बाय. मला हायत. ते काय कापून ठिवू?"

माझं हसू तिथेच संपलं. लाजही वाटली आणि त्यांच्या हट्टाचा संतापही आला. फोन मी केला नाही.

येळवसच्या पहाटे मी उठले तर अण्णा जॅकेट घालून ओट्यावर बसलेले. टोपी हातात.

"येडशीपर्यंत बघू," ते म्हणाले. "जमलं तर जमलं."

थंडी मी मी म्हणत होती. मी जितकं हळू चालवता येईल तितकं चालवलं. वाटेत दोन्ही बाजूंना माणसं रानाकडे निघालेली, बायकांच्या डोक्यावर आंबिलीची मडकी. मागून काही आवाज नव्हता, पण प्रत्येक स्पीडब्रेकरच्या आधी गाडी उजवीकडे जराशी दबत होती. मला ते आता शॉकपमधूनही कळू लागलं होतं. येडशीला पोचलो तेव्हा अण्णांना उतरायला माझा खांदा लागला. टपरीपुढच्या दगडावर ते डोळे मिटून बसले. चहा आला, तो तसाच निवला. इथून आत्याचं रान लांब होतं आणि आमचं घर जवळ. परत फिरायचं हे मी मनात ठरवून टाकलं. आत्याला काय सांगायचं याचे शब्दही जुळवायला लागले, आणि ते जुळेनात. रडू यायला लागलं होतं.

अण्णांनी डोळे उघडून गाडीकडे बघितलं. मग हात पुढे केला.

"किल्ली दे."

"अण्णा, तुमची पाठ..."

"डेपोत गाडी ताब्यात घेतली का न्हाय, तर आधी काय करायचं? गेटापत्तोर न्यायची आन ब्रेक दाबून बघायचा. मंग सही. ब्रेक न बघता म्या एक गाडी भाईर काढली न्हाय. आन तुज्या गाडीवर येवढे दिस तसाच बसतोय. मला काय ठावं तुजा ब्रेक लागतो का न्हाय?"

लायसन्स त्यांनी दर वेळी न चुकता नवं करून घेतलेलं आहे, सणासुदीला देव पुसावेत तसं. माझ्याकडे नाही म्हणायला कारण उरलं नाही. मी किल्ली दिली.

ते स्टेशनच्या रस्त्याने गेले. मी टपरीपाशी उभी. जाताना त्यांनी ब्रेक दाबला, गाडी थांबली. पुन्हा निघाले, पुन्हा दाबला. मग दिसेनासे झाले आणि मी रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिले. आले तेव्हा पाठ सैल होती आणि चेहऱ्यावर रंग.

"मागचा ब्रेक जरा खाली लागतोय," ते म्हणाले. "बाकी ब्येस हाय. बस मागं."

आणि मी त्या सगळ्या थाटात मागे बसले. टेकू माझ्या पाठीला, हवेची गादी माझ्या बुडाखाली, दांडे माझ्या हातात. तेव्हा मला आणखी एक गोष्ट कळली, जी आधी कळायला हवी होती. मागची सीट अगदी चाकावर असते आणि पुढची दोन्ही चाकांच्या मध्ये. म्हणजे हादरा पुढे मुळातच कमी. शिवाय पुढच्याला खड्डा आधी दिसतो आणि अंग आपोआप सैल होतं. मी जगभराचा मऊपणा मागे बसवत बसले होते.

अण्णा एसटीसारखी गाडी चालवतात. घाई नाही, हॉर्न मोठा, आणि रस्त्याची मधली रेघ म्हणजे लक्ष्मणरेषा. मी मजेत होते. तुळजापूरच्या पुढे एका उतारावर समोरून उसाची ट्रॉली आली आणि माझा उजवा पाय फुटरेस्टवर गच्चकन दाबला गेला. अण्णा पुढूनच म्हणाले, "एक."

नळदुर्ग गेलं, उमरगा गेलं. अण्णा दर तासाला थांबत, कंबर मोकळी करत, आधी टोपी घालत आणि मग पाणी पीत. आत्याच्या फाट्यावर त्यांनी गाडी बरोबर एका लिंबाखाली थांबवली. मी काही बोलले नव्हते. एसटी ते तिथेच थांबवायचे. त्यांनी डावीकडे बघितलं, जिथून डबा यायचा. तिथे कुणी नव्हतं.

"आता कुणीकडं?" त्यांनी मला विचारलं.

त्यांना रानाकडे जाणारा रस्ताच ठाऊक नव्हता. एवढ्या येळवसा त्या फाट्यावर काढल्या आणि आत रानात जायचं कसं ते माहीत नाही! डोक्यावर मडकं घेतलेल्या एका बाईला विचारून आम्ही गाडीवाटेला लागलो. दोन्हीकडे ज्वारी. कोपीपाशी खाटेवर आत्या बसलेली, गुडघ्यांवर गोधडी. गाडीचा आवाज ऐकून तिने कपाळावर हात आडवा धरला.

"यार बंदार?" तिने सुनेला विचारलं. कोण आलंय?

अण्णांनी हेल्मेट काढलं, टोपी घातली.

"बा तम्मा, बा," ये, ये म्हणत तिने दोन्ही हात पुढे केले. अण्णा तिच्या पायाशी मातीत बसले.

खाटेच्या कडेला एक डबा बांधून ठेवलेला होता. "तुम्ही पोचाल असं वाटलं न्हाय," सून म्हणाली, "म्हणून आत्यांनी फाट्यावरून एसटीत घालून कळंबला पाठवायला भरून ठेवला हुता." आत्याने तो स्वतःच्या हाताने सोडला आणि भज्जी, उंडे सगळं अण्णांच्या पानात उपडं केलं. रात्री तिने आम्हाला जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना मी मागे बसायला गेले तर अण्णांनी किल्ली माझ्या हातात दिली.

"तू चालव. गाडी बघून झाली."

फाट्यावरून मी उजवीकडे वळले. पहिला स्पीडब्रेकर दिसला तसे माझे कान शॉकपकडे लागले. गाडी दबली, सावकाश वर आली. उजवीकडे काही झुकलं नाही. दुसरा आला. तेच. मला धाकधूक वाटायला लागली. आरशात बघितलं तर अण्णांनी हेल्मेटची काच वर केलेली, टेकूला पाठ टेकलेली आणि मान पार एका बाजूला वळलेली.

"अण्णा, दुखायलंय का?"

"न्हाय, न्हाय. बघायलोय." मग थोड्या वेळाने माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हितं तळं हाय का गं? बगळे बसलेत बघ. सगळी नोकरी ह्या रस्त्यावर गेली, म्या कधी बघितलं न्हाय. थांबव जरा."

विनाकारण गाडी थांबवताना मी त्यांना जन्मात बघितलं नव्हतं. मी ब्रेक दाबला.